शिरस्त्राणाची नजर

1977 सालच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात पांढऱ्या चिलखतातले सैनिक एका खोलीत शिरतात आणि त्यांतल्या एकाचं डोकं दाराच्या वरच्या कडेवर आपटतं. ते दृश्य चित्रपटात तसंच राहिलं आहे. त्या शिरस्त्राणांतून नटांना फार थोडं दिसत असे.

2011 साली दिल्लीत सुरू झालेला कॉमिक कॉन हा कॉमिक्सप्रेमींचा मेळा आता मुंबईतही भरतो. तिथे आवडत्या पात्रांच्या वेशात येणारी कितीतरी मुलं-मुली आपली शिरस्त्राणं घरीच घडवतात. फोम कापतात, रंग देतात. या सगळ्या कामात डोळ्यांसमोरचा पारदर्शक पत्रा, म्हणजे व्हायझर, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो नीट कापला गेला नाही, तर आतल्या माणसाची नजरच अडते.

आधी पत्रा ओळखावा. ॲक्रिलिक स्वच्छ आणि चकचकीत असतं, पण ठिसूळ. वाकवायला गेलं की तडकतं. पॉलिकार्बोनेट चिवट असतं. एक-दीड मिलिमीटरचा पत्रा गरम न करताही चेहऱ्याभोवती वळतो. हार्डवेअरच्या दुकानात कारखान्यातल्या कामगारांसाठी जे फेसशील्ड मिळतं, ते बहुधा याचंच असतं आणि आयतं वळलेलंही असतं. अगदी पातळ पत्रा असेल, तर कात्री पुरते. यंत्र काढूच नये. जाड पत्र्याला मात्र रोटरी टूल लागतं.

हे हातात मावणारं यंत्र मिनिटाला साधारण 5,000 पासून 35,000 फेरे घेतं. त्यावर बसवलेली 38 मिलिमीटर व्यासाची कापायची चकती मिनिटाला 10,000 फेऱ्यांनी फिरली, तर तिची कड ताशी सुमारे 70 किलोमीटर वेगानं पत्र्यावर घासते. त्या घर्षणातून उष्णता निर्माण होते. ॲक्रिलिक साधारण 105 अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतं, पॉलिकार्बोनेट 147 अंशांच्या आसपास. वेग वाढवला किंवा हात दाबला, की प्लॅस्टिक कापलं न जाता वितळतं, आणि चकती पुढे सरकताच मागची फट पुन्हा चिकटते. म्हणून वेग कमी ठेवावा आणि हात हलका. पहिल्या फेरीत आखलेल्या रेघेवर नुसती खाच पाडावी, पुढच्या फेऱ्यांत ती खोल करत जावी. मधे थांबून पत्रा निवू द्यावा. दूध उतू जाऊ नये म्हणून आपण शेगडीपाशी उभे राहतो, तेवढं लक्ष इथेही हवं.

कापण्याआधीची तयारी निम्मं काम करते. पुठ्ठ्याचा साचा कापून तो शिरस्त्राणात बसवून पाहावा. पत्र्यावरचा संरक्षक कागद काढू नये. त्यावर मास्किंग टेप लावून टेपवर रेघ आखावी. पत्रा दोन लाकडी पट्ट्यांमध्ये घट्ट आवळावा, म्हणजे तो थरथरत नाही. आतला कोपरा काढायचा असेल, तर तिथे आधी ड्रिलनं गोल भोक पाडावं आणि काप त्या भोकापर्यंत आणावा. टोकदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो.

‘स्टार वॉर्स’मधल्या बोबा फेटसारख्या पात्राच्या शिरस्त्राणाला इंग्रजी टी अक्षरासारखी फट असते. तसाच पत्रा कापायच्या मागे लागू नये. फटीपेक्षा एक-दीड सेंटिमीटर मोठा, साध्या आकाराचा तुकडा आतून बसवावा. कड झाकली जाते आणि पकडही मजबूत राहते. जिथे कड दिसणार असेल, तिथे रेघेबाहेर दोन मिलिमीटर सोडून कापावं आणि मग कानस, त्यानंतर बारीक पॉलिश पेपर वापरून रेघेपर्यंत यावं. बसवताना झटपट चिकटणारा गोंद टाळावा. त्याच्या वाफेनं पारदर्शक पत्र्यावर पांढरट डाग पडतात. छोटे स्क्रू किंवा वेल्क्रो लावले, तर पत्रा काढून धुता येतो. धुताना सौम्य साबण आणि पाणीच वापरावं. ॲसिटोननं पॉलिकार्बोनेट खराब होतं.

आता कळकळीनं सांगतो. चकती तुटून उडू शकते, गरम कण तर उडतातच. बाजूंनी बंद असलेला गॉगल आणि धुळीचा मास्क लावल्याशिवाय यंत्र सुरू करू नका. केस बांधा, ओढणी आणि सैल बाह्या दूर ठेवा, खिडक्या उघडा. कुठल्या प्लॅस्टिकचा आहे हे माहीत नसलेला पत्रा यंत्राखाली घेऊ नका. पीव्हीसी फार तापलं तर हायड्रोजन क्लोराइडसारखा घातक वायू सुटतो. आणि हे शिरस्त्राण घालून दुचाकीवर बसू नका. रस्त्यावर आयएसआय चिन्हाचंच हेल्मेट हवं.

व्हायझर बसला, की शिरस्त्राण डोक्यावर घालून घरातला जिना कुणाचा तरी हात धरून उतरून पाहा. संध्याकाळच्या उजेडातही पाहा. पायाशी आलेलं लहान मूल दिसलं पाहिजे. दिसत नसेल, तर गडद पत्रा काढून फिका लावा, पात्राचं रूप थोडं बदललं तरी चालेल.

पालकांना एक विनंती. मुलांनी हे यंत्र मागितलं, तर नुसतं नको म्हणू नका. स्वतः गॉगल लावून शेजारी बसा आणि पहिला काप टाकाऊ तुकड्यावर घ्यायला लावा. उष्णता कशी वाढते, हात कधी आवरायचा, हे तिथेच कळतं. ही समज त्यांना पुढच्या प्रत्येक हातकामात उपयोगी पडेल.