कालकथित बेबीताई कांबळे : घर, धम्म आणि लेखणी



मावळातल्या बेडसे लेण्यात महाभोजाची कन्या सामडिनिका हिने पाण्याचं टाकं दान दिल्याचा शिलालेख आहे. ती दानपारमिता आपल्या काळात बेबीताईंनी चालवली. जन्म १९२९, पुरंदरचं वीरगाव. फलटणला दुकान सांभाळलं, लेकरं वाढवली, बाबासाहेबांच्या विचाराने आश्रमशाळा चालवली. पुड्या बांधायची रद्दी वाचता वाचता त्या लिहू लागल्या. पण नवरा काय म्हणेल, म्हणून वीस वर्षं वह्या लपवल्या! १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आलं. २०१२ साली ताई गेल्या.

मायबहिणींनो, आपल्या घरातल्या म्हाताऱ्या आयांचं जिणं त्या आहेत तोवर लिहून घ्या. तेही दानच आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!