थकलेल्या सेलांची विजेरी
श्रोतेहो, आमच्या कोकणात रात्री वीज गेली की गोठ्याकडे जाताना फुरशाचे भय. विजेरी हवीच. भिंतीवरचे घड्याळ थांबले की त्यातला सेल 'मेला' म्हणून आपण फेकतो. अहो, तो नुसता थकलेला असतो! दीड व्होल्टचा एक-सव्वा उरतो, इतकेच. जुन्या बल्बला तो पुरायचा नाही. पण पांढऱ्या एलईडीला प्रवाह अगदी थोडा लागतो, दाब मात्र तीनेक व्होल्टचा. म्हणून असे तीन सेल, एकाच्या बुडाला दुसऱ्याचे डोके लावून, कागदी नळीत ओळीने बसवा. मोडक्या विजेरीतला एलईडी तारांनी दोन्ही टोकांना जोडा. पेटला नाही? तारा उलट लावून पाहा. पाझरलेला सेल घेऊ नका. आणि नवे सेल घातलेत तर मध्ये 100 ओहमचा रोधक हवाच, नाहीतर एलईडी जळतो. माझे दोन असेच गेले.