काळ्या पाषाणाचें कूळ

वसईच्या किल्ल्याचा तट आणि तुंगारेश्वराचा डोंगर, दोहोंचा पाषाण बहुतांशी काळा बेसाल्ट. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी शिलारस भेगांतून भूपृष्ठावर पसरला व झपाट्यानें निवला. स्फटिकांस वाढावयास अवधि मिळाला नाहीं, म्हणून खडक बारीक कणांचा झाला. हा बहिर्निर्मित. तोच रस भूगर्भांत खोल, सावकाश निवाला, तर ठळक स्फटिकांचा गॅब्रो होतो. तो अंतर्निर्मित.

कोंकणांत भेगांतच थिजलेल्या शिलारसाच्या उभ्या भिंतीही पुष्कळ आहेत. त्यांस डाइक म्हणतात. त्याही अंतर्निर्मितच. अशी भिंत कोठें भूमिगत पाणी अडविते, तर कोठें आपल्या फटींतून वाहूं देते. म्हणून विहीर खणण्यापूर्वी पायांखालच्या खडकाचें कूळ अवश्य विचारावें.