चौकटीतला भूप

कोकणातल्या पोरांना लय शिकवावी लागत नाही. नमन-खेळ्यांचा मृदंग ऐकत ती मोठी होतात. प्रश्न असतो तो स्वतःची चाल बांधायचा. त्याला आता कॉम्प्युटरची मदत मिळते.

याची सुरुवात तशी जुनी. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट गावच्या छोट्या शाळेत मुलांच्या हाती हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. संगीत रचण्यासाठी ‘टॅमटॅम’ नावाचा प्रोग्राम या लॅपटॉपसाठी तयार झाला होता.

आज त्यासाठी खास लॅपटॉपही लागत नाही. गूगलच्या ‘क्रोम म्युझिक लॅब’मध्ये ‘साँग मेकर’ उघडा. पडद्यावर चौकटी दिसतात. डावीकडून उजवीकडे काळ सरकतो, खालून वर स्वर चढतो. चौकटीवर बोट ठेवलं की स्वर वाजतो. सेटिंगमध्ये ‘पेंटाटॉनिक’ निवडा. उरतात सा, रे, ग, प, ध, म्हणजे थेट भूप रागाचे स्वर! मात्रा चारच्या सहा केल्या की दादरा तालाचा हिशेब जमतो. खालच्या दोन ओळी ठेक्याच्या. माइकवर गुणगुणलं तर तो स्वरही टिपून घेतो.

मात्र स्वर भूपाचे असले, तरी तो भूप नव्हे. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद सरकणं, चौकटीत मावत नाही, ती गळ्यातूनच यावी लागते. म्हणून गाणं सोडू नका. आधी गाऊन बघायचं, मग चौकटी भरायच्या, हा क्रम मला बरा वाटतो. हे सगळं फुकट आहे, शाळेच्या संगणक कक्षातही चालतं; फक्त इंटरनेट हवं.