हरलेल्याला पहिला नंबर

(गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, २८ ऑगस्ट २०२५ रोजी, संतपूर येथे आरतीपूर्वी केलेले भाषण. मंडळाच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



मी पी.टी. मास्तर. तीस वर्षं शिट्टी वाजवली, भाषणं केली नाहीत. अध्यक्षांनी सांगितलं, यंदा पोरांसाठी काहीतरी बोला. पोरांना विचारलं, काय ऐकणार? एक जण म्हणाला, "सर, टीम कशी लावायची ते सांगा." सगळे हसले. मी म्हटलं, तेच सांगतो.

मोठ्या माणसांसाठी आधी दोन शब्द. ही पोरं 'टीम लावली' म्हणतात तेव्हा कुणी मैदानात उतरत नाही. खरे खेळाडू खरा सामना खेळतात. आपण घरी बसून त्यातले काही निवडायचे आणि ते जितके गुण मिळवतील तितके आपल्या खात्यात. याला म्हणतात फँटसी खेळ.

हा खेळ मोबाइलच्या खूप आधीचा आहे. अमेरिकेत ओकलंड म्हणून शहर आहे. तिथल्या फुटबॉल संघात भागीदारी असलेल्या बिल विंकेनबाख नावाच्या गृहस्थानं १९६२ साली ही कल्पना काढली. दुसऱ्या वर्षी आठ जणांनी बसून खेळाडू वाटून घेतले आणि कागद-पेन्सिलीवर हिशेब ठेवला. फुटबॉल म्हणजे त्यांचा, अंड्यासारख्या चेंडूचा. आज तिकडं कचेऱ्या-कचेऱ्यांत हा खेळ चालतो.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याच्या ऑफिसात दहा जणांची अशी लीग आहे. दोन वर्षांमागं तो इथं आला होता, तेव्हा मी त्याला विचारलं, "बाबा रे, सप्टेंबरात तुझा खेळाडू पाय मोडून बसला, तर जानेवारीपर्यंत तू काय करतोस?" तो म्हणाला, "मामा, त्यासाठीच वेव्हर वायर असते."

ही वेव्हर वायर म्हणजे सुट्या खेळाडूंची यादी. वाटपात जे कुणीच घेतले नाहीत, किंवा कुणी घेऊन सोडून दिले, ते सगळे या यादीत. दर आठवड्याला आपला एक सोडायचा आणि यादीतला एक घ्यायचा. त्यांच्याकडे बहुधा मंगळवारी रात्रीपर्यंत मागणी नोंदवतात आणि बुधवारी सकाळी निकाल लागतो. एकाच खेळाडूवर दोघांनी हात ठेवला तर? मी म्हटलं, पहिल्या नंबरवाल्याला मिळत असेल. तो म्हणाला, "नाही मामा, उलटं. जो सगळ्यात खाली आहे, त्याला आधी."

हे माझ्या मनात बसलं. का बसलं ते सांगतो. त्यासाठी घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. ज्याची गोष्ट आहे तो मागं खांबाजवळ उभा आहे. त्याला विचारूनच सांगतोय.

माझा मुलगा बिदरला कॉलेजात होता. कबड्डीतलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. २०२३ च्या डिसेंबरात कबड्डीचा दहावा हंगाम सुरू झाला आणि यानं मोबाइलवर पैसे लावून टीम लावायला सुरुवात केली. ॲपचं नाव मी घेत नाही. नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते. आधी एकोणपन्नास रुपये, मग नव्व्याण्णव. एका रात्री नऊ हजार आले. त्या नऊ हजारांनीच घात केला. मार्चात आयपीएल लागली. मे महिन्यात मिरगाच्या पेरणीचं बी आणायला म्हणून मी बँकेत गेलो. उदगीरच्या अडतीवर सोयाबीन घातलेलं, त्याचे बेचाळीस हजार खात्यात असायला हवे होते. अकराशे निघाले.

मी ओरडलो, ते सोडा. तो काय म्हणाला ते ऐका. म्हणाला, "अप्पा, मी पाचातून तीन वेळा बरोबर होतो." आणि ते खरं होतं! मी त्याच्या टीमा बघितल्या. मीही तेच खेळाडू घेतले असते.

मग बरोबर असून पोरगा बुडाला कसा? पोरांनो, हिशेब करा. दहा जणांनी पन्नास-पन्नास रुपये लावले, पाचशे झाले. चालवणारा त्यातून आपला वाटा काढतो, पंच्याहत्तर धरा. वाटायला उरले सव्वाचारशे. दहाही जण सारखेच हुशार असतील, तर सरासरीनं प्रत्येकाचे रोज साडेसात रुपये जातात. साठ रात्री खेळलात, तर साडेचारशे गेले आणि कुणाचं काहीच चुकलेलं नाही. त्यात शुद्ध जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के कर कापला जातो. हे झालं दहा जणांचं. तिथं एकेका स्पर्धेत लाखो माणसं असतात आणि मोठं बक्षीस वरच्या मूठभरांना. बरोबर असून भागत नाही, लाखांत सगळ्यात बरोबर असावं लागतं. आणि तिथं हरलेल्याला काय मिळतं? आणखी पैसे भरायची सोय.

आपण तर तीन राज्यांच्या सांध्यावर राहतो. तेलंगणानं २०१७ सालीच पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले. आपल्या कर्नाटकानं ऑक्टोबर २०२१ मध्ये केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये हायकोर्टानं तो कायदा रद्द ठरवला. महाराष्ट्रात चालूच होतं. त्या चार महिन्यांत इथली काही पोरं गाडीला किक मारून हद्दीपलीकडं जायची आणि टीम लावून परत यायची. हसू नका, त्यातले दोघे इथं बसलेत. गेल्या शुक्रवारी, २२ ऑगस्टला, दिल्लीच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आता देशभर बंद व्हायचे आहेत. मोठ्या ॲपांनी ते लगेच थांबवले. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला आहे.

कायदा झाला, बरं झालं. पण माझी भीती वेगळी आहे. पोराच्या हातातला मोबाइल काढून घेतला, तर हात रिकामा राहतो. खेळ बघायची, त्यातलं ओळखायची हौस वाईट नाही. मी तीस वर्षं तीच शिकवली. म्हणून आज आरतीनंतर आपण आपली लीग सुरू करतोय. वहीवरची, कबड्डीची, एका पैशाचीही नाही.

उद्या रात्री विशाखापट्टणमला प्रो कबड्डीचा बारावा हंगाम सुरू होतो. पहिल्याच रात्री बंगळुरू बुल्स आणि पुणेरी पलटण समोरासमोर आहेत. म्हणजे संतपुरात उद्या घराघरात भांडण. तेलुगू टायटन्सवालेही आहेत आपल्यात, त्यांचाही सामना उद्याच.

नियम ऐका. आठ गट, त्यातला एक मुलींचा. प्रत्येक गटानं नऊ खेळाडू घ्यायचे, सात खेळवायचे, दोन बाकावर. सातात तीन चढाईवाले, तीन पकडीवाले, एक अष्टपैलू. एक खेळाडू एकाच गटाकडे. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवायचा आणि वाटप नागमोडी करायचं. पहिल्या फेरीत एकापासून आठपर्यंत, दुसरीत आठापासून एकपर्यंत. म्हणजे शेवटच्याला लागोपाठ दोन मिळतात. चढाईचा एक गुण तो एक, पकडीचा एक गुण तो दोन धरायचा, कारण पकडीचे गुण कमी होतात. दर सोमवारी संध्याकाळी देवळात वही उघडायची. सोडायचा तो सोडा, घ्यायचा तो घ्या. आणि पहिला नंबर शेवटच्या गटाचा.

आता कशी लावायची ते.

पहिलं, नावावर जाऊ नका. २०२२ साली पवन सेहरावतला तमिळ थलायवाजनं २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. त्याच संघात नरेंदर नावाचा नवा पोरगा होता. त्यानं त्या हंगामात चढाईचे २४३ गुण केले. आपली वही तेव्हा असती, तर नरेंदर पहिल्या सोमवारी सुट्या यादीत पडलेला असता. नवीन कुमारचंही तसंच. दहाव्या हंगामात सुरुवातीच्या काही सामन्यांनंतर तो दुखापतीनं बाहेर गेला, दिल्लीचा भार आशू मलिकवर आला आणि त्यानं २७६ गुण केले. मोठा खेळाडू पडला की त्याच्याबद्दल हळहळ करा, पण त्याच वेळी बघा, त्याच्या वाट्याच्या चढाया आता कोण करतोय?

दुसरं, गुण मोजू नका, चढाया मोजा. एखाद्यानं सहा चढायांत आठ गुण केले, दुसऱ्यानं अठरा चढायांत पाच. तुम्ही पहिल्याला घ्याल. मी दुसऱ्याला घेईन. गुण आज येतात, उद्या येत नाहीत. पण अठरा वेळा पाठवतात, म्हणजे संघाचा त्याच्यावर भरवसा आहे. गुण मागून येतील.

तिसरं, वेळापत्रक समोर ठेवा. कुठल्या संघाचे आठवड्यात तीन सामने असतात, कुठल्याचा एकच. मध्यम खेळाडूचे तीन सामने चांगल्याच्या एका सामन्यापेक्षा जास्त देतात. यात हुशारी लागत नाही, फक्त आळस सोडावा लागतो.

चौथं, पकडीवाले लवकर घ्या. वाटपात पहिल्यांदा सगळे देवांक दलालचं नाव ओरडणार. गेल्या हंगामात त्यानं पाटण्याकडून ३०१ गुण केले, यंदा बंगालनं त्याच्यासाठी २ कोटी २० लाखांच्या वर मोजले. ज्याला मिळेल त्याला मिळो. चढाईवाले पुष्कळ आहेत, पण रोज खेळणारे भरवशाचे कोपरे थोडे. तुमचा नंबर मागचा आला, तर कोपरे धरा.

पाचवं, एका रात्रीवर निकाल देऊ नका. एक सामना वाईट गेला म्हणून सोडू नका, एक चांगला गेला म्हणून झडप घालू नका. दोन-तीन बघा. पण तो सातातच नसेल, सारखा बाकावर बसत असेल, तर मग थांबू नका.

सहावं माझ्यासाठीच आहे. आपल्या संघाच्या प्रेमात खेळाडू धरून ठेवू नका. पुण्याचा म्हणून किंवा बंगळुरूचा म्हणून गुण वाढत नाहीत.

बारा संघांत मिळून दोनशेच्या वर खेळाडू आहेत. आपण घेणार बहात्तर. म्हणजे निम्म्याहून जास्त खेळाडू दर सोमवारी सुटेच असणार. शेवटी कोण जिंकतो, ते पहिल्या दिवसाच्या वाटपावर ठरत नाही. ते ठरतं दर सोमवारी यादी कोण नीट वाचतो त्यावर. आणि यादीवर पहिला हक्क खालच्याचा असल्यामुळं, हंगामाच्या अर्ध्यात कुणी उठून जात नाही. पोरांनो, खेळ आणि जुगार यांतला फरक मला कायद्याच्या पुस्तकात इतका स्पष्ट सापडला नाही, जितका या एका नियमात सापडला. हरलेल्याला पुढच्या आठवड्यात आधी बोलावतात, तो खेळ. हरलेल्याला त्याच रात्री आणखी लावायला लावतात, तो जुगार.

म्हणून एक अट आहे आणि ती मोडली तर वही मी स्वतः फाडीन. पैसा नाही. दहा रुपये नाहीत, चहा नाही, 'गंमत म्हणून' नाही. गमतीचे दहाच माझ्या घरात बेचाळीस हजार झाले. जिंकणाऱ्या गटाला पुढच्या वर्षी पहिल्या आरतीचं ताट. शेवटच्या गटानं विसर्जनानंतर मांडव झाडायचा.

आयाबायांना एक विनंती. घरात कुणी असं पैशात अडकलं असेल, तर आधी आकडा विचारा, मग रागवा. आमच्या घरी मी उलटं केलं. त्यामुळं खरा आकडा कळायला आणखी महिना गेला आणि त्या महिन्यात मित्राकडचं सहा हजारांचं उसनं वाढलं. बी मेव्हण्याकडून उधार आणलं. मागच्या दिवाळीला फिटलं. पोरानं बिदरला दुकानात काम करून त्यातला निम्मा भाग फेडला, हेही सांगायला हवं.

वही कोण लिहिणार, असं मी त्याला विचारलं. आधी नाही म्हणाला. चार दिवसांनी म्हणाला, "अप्पा, मी टीम लावणार नाही. हिशेब लिहितो." मी म्हटलं, चालेल. तेव्हा गुणांवरून भांडण झालं, तर माझ्याकडं येऊ नका, खांबाजवळच्या माणसाकडं जा.

आरतीची वेळ झाली. चिठ्ठ्या तयार आहेत. आधी आरती, मग चिठ्ठ्या.

गणपती बाप्पा मोरया!