माप त्यांचं, पाय आपले
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



कविता ऐकायला आलेले जे असतील त्यांनी मागं सरकून चहा घेतला तरी चालेल. आज कविता नाही, आज आकडे. संयोजकांनी मला जो विषय दिलाय तो कागदावरून वाचून दाखवतो : ‘व्यावसायिक कौशल्य-प्रशिक्षण आणि शहरी वाहतूक नियोजन यांतील उपयोजित संशोधन’. उपयोजित म्हणजे वापरायचं. कोणी वापरायचं आणि कोणावर, ते या कागदावर नाही. तेवढंच मी सांगणार आहे. मी दहावी झालेला गोदी कामगार. गणितात काठावर पास. आजच्या विषयाला तेवढं गणित पुरतं.

रस्त्यावर वर्दळ किती हे मोजायला इंजिनियरांकडं एक माप आहे. त्याला म्हणतात पीसीयू, म्हणजे पॅसेंजर कार युनिट. आपण तांदूळ किलोत मोजतो, कापड मीटरात, तसा ते रस्ता मोटारगाडीत मोजतात. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे, १९३४ सालची. या देशातले रस्ते तिच्या पुस्तकांवरून आखले जातात. शहरी रस्त्यांवरचं तिचं १९९० चं पुस्तक आहे, आयआरसी १०६. त्यात तक्ता आहे. मोटार : १. सायकल : ०.४ किंवा ०.५. बस किंवा ट्रक : २.२ किंवा ३.७. हातगाडी : २ किंवा ३. त्या जातीची वाहनं रस्त्यावर पाच टक्के असतील तर पहिला आकडा, दहा टक्के किंवा वर असतील तर दुसरा. (‘जातीची’ हा शब्द माझा आहे, इंजिनियरांचा नाही.)

आता बघा. मोटारीत एक शेट बसलाय, मागच्या सीटवर त्याची बॅग. तो एक. बसमध्ये साठ माणसं एकमेकांच्या काखेत नाक घालून उभी. ती झाली २.२, फार तर ३.७. आणि मस्जिद बंदरला भर उन्हात पायात टायरची चप्पल घालून दहा गोणी ओढणारा आपला माणूस? तो तीन मोटारींएवढा अडथळा. हे माप खोटं आहे असं मी म्हणत नाही. रस्त्यावर जागा किती अडते एवढंच ते सांगतं आणि ते बरोबरच सांगत असेल. पण एक नंबर ज्याला दिला, रस्ता त्याचा झाला. बाकी सगळे त्याच्या वाटेत आलेले. बसमधली साठ डोकी मोजायचा रकानाच या तक्त्यात नाही. आणि जो नुसता चालतो तो तर तक्त्यातच नाही.

दिल्लीतल्या लोकांना हे कळत नाही असं नाही. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात स्वच्छ लिहिलंय की वाहनं नव्हे, माणसं हलवायची आहेत. मुंबई महानगर प्रदेशाचा मोठा वाहतूक अभ्यास झाला, २००८ साली त्याचा अहवाल आला. चालणाऱ्यांच्या फेऱ्या धरल्या तर निम्म्याच्या आसपास फेऱ्या पायीच होतात, हे त्या अभ्यासातच निघालं. म्हणजे संशोधनाला ठाऊक आहे. पैसा मात्र वेगळ्याच वाटेनं जातो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्बर स्मिथ नावाच्या अमेरिकन कंपनीनं मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास केला आणि बेटाच्या कडेनं मुक्तमार्ग काढा म्हणून सांगितलं. साठ वर्षांनी, मार्च २०२४ पासून, कोस्टल रोड टप्प्याटप्प्यानं खुला झाला. त्याच वर्षी १२ जानेवारीला शिवडी-न्हावा पूल, अटल सेतू, उघडला. २१.८ किलोमीटर. एका टोकाला जुनी गोदी, दुसऱ्या टोकाला नवं बंदर. दोन्हीकडं हमाली आपली. पण त्या पुलावर मोटारसायकल चालत नाही, रिक्षा चालत नाही. मोटारीला जायचे २५० रुपये टोल ठरले. आम्ही खालून बघतो. पूल दिसायला सुंदर आहे, ते नाकारत नाही.

हे झालं रस्त्याचं माप. आता हाताचं माप.

सरकारची एक यादी आहे, राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण, २०१५ ची. देशातलं झाडून सगळं काम त्यात नंबर लावून बसवलंय. माल चढवणारे-उतरवणारे नवव्या विभागात. विभागाचं नाव ‘प्राथमिक व्यवसाय’, कौशल्याची पातळी एक. चार पातळ्या आहेत आणि त्या मुख्यतः शाळेच्या वर्षांवर ठरतात. ज्या कामाला दहावीपर्यंतचं शिक्षण किंवा अनुभवाचं शिकणं पुरतं ते पहिल्या पातळीचं, पुढं अकरा ते तेरा वर्षं लागणारं दुसऱ्या, असं पंधरा वर्षांच्या वर चौथ्यापर्यंत. म्हणजे रस्त्यावर मोटार जशी एक नंबर, तशी इथं शाळा. कामात हाताला काय करावं लागतं यावर कामाची पातळी ठरत नाही. त्या कामासाठी किती वर्षं बाकावर बसावं लागतं यावर ठरते.

काम काय आहे ते सांगतो, कारण तुमच्यातले बरेच कॉलेजात आहेत. पोलादाची कॉईल असते. दहा टन, पंधरा टन, कधी वीस. जहाजाच्या पोटात ती ओळीनं आडवी पडलेली, खाली लाकडाच्या पाचरी. पोटात उतरायला लोखंडी शिडी. खाली उजेड कमी, हवा कमी, पायाखाली तेलकट. स्लिंग कॉईलच्या डोळ्यातून ओवायचा, शॅकल लावायचा आणि बाजूला व्हायचं. कुठल्या बाजूला, हाच सगळा धडा. कॉईल उचलली की सरळ वर जात नाही, आधी झोका घेते. झोका कुठं जाणार ते जहाज कुठं कललंय त्यावर. क्रेनवाल्याला खालचं काही दिसत नाही. तो वरच्या इशारेवाल्याचा हात बघतो, आणि इशारेवाला आमची हाक ऐकतो. हाबेस म्हणजे उचल, आरिया म्हणजे सोड. खलाशांच्या जुन्या बोलीतले शब्द आहेत, कुठल्या दर्यावरून आले कोणास ठाऊक. हाक अर्ध्या क्षणानं चुकली तर खालच्याच्या पायाचा चुरा होतो. याला ते म्हणतात अकुशल. पगाराच्या कागदावर तसं छापून येतं. साला, शब्द तरी दुसरा शोधायचा!

हे मी कुठं शिकलो? टोळीत. माझे आजोबा डॉक लेबर बोर्डाच्या टोळीत होते. बोर्ड १९४८ च्या कायद्यानं आलं आणि १९९४ साली पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. बोर्डात माणूस कायम असायचा, टोळी कायम असायची. नवा पोरगा आला की त्याला म्हातारा आपल्या शेजारी उभा करायचा, सहा महिने नुसता बघ म्हणायचा. ते फुकट नव्हतं. त्या सहा महिन्यांचा पगार मिळायचा. मला ठेकेदाराकडं दोन पाळ्या मिळाल्या बघायला. पुढचं मला शेजारच्या म्हाताऱ्यानं शिकवलं, ठेकेदाराच्या डोळ्यांआड, आपल्या जेवणाच्या सुट्टीत.

मग एक दिवस प्रशिक्षणवाले आले. कुठले ते सांगत नाही. तुम्हाला जे येतं त्याचं सर्टिफिकेट देतो, म्हणाले. ऐकायला बरं वाटलं. टोपी दिली, जाकीट दिलं, फोटो काढला, पडद्यावर परदेशातल्या बंदराची फिल्म दाखवली. त्यात कॉईल नव्हती, डबेच होते, कंटेनर. आमच्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, झोका कसा ओळखायचा ते दाखवा. शिकवणाऱ्या पोरानं मान खाली घातली. बिचारा तोही ठेक्यावरच. सर्टिफिकेट आलं, माझ्या पेटीत आहे. मजुरी एक रुपयानं वाढली नाही, कागदावरचा ‘अकुशल’ हलला नाही.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं असेल म्हणून मोठा आकडा देतो. पंतप्रधान कौशल्य विकास योजना २०१५ ला सुरू झाली. कॅगनं तिची तपासणी केली आणि तो अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या सुमारे ९५ लाख उमेदवारांपैकी ९० लाखांहून जास्त जणांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य, ‘नल’, नाही तर कोरी जागा. खात्यात पैसे टाकायचे होते म्हणे. ज्यांना मोजायचं ठरवलं त्यांना हे असं मोजलं.

बाबासाहेबांनी ही दोन्ही मापं एकाच जागी पकडली होती. मनमाडला, फेब्रुवारी १९३८ मध्ये, जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू, एवढंच त्या भाषणातलं आपण पोस्टरवर लिहितो. पुढचं वाचत नाही. पुढं ते रेल्वेचा हिशेब मांडतात. आपला माणूस गँगमन म्हणून रूळावर लागतो आणि जन्मभर गँगमनच राहतो. साधा पोर्टर होऊ शकत नाही. का? पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरचं कामही करून घेतो, आणि सवर्ण मास्तरच्या घरात अस्पृश्य चालत नाही. आलं लक्षात? पोर्टरच्या कामाला लागणारं कुठलं कौशल्य आपल्याकडं नव्हतं? मास्तरच्या माठाला हात लावण्याचं! गिरणीतही तेच. विणाईखात्यात पगार जास्त, पण तिथं धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून तिथं आपल्याला मज्जाव. तेव्हा ‘कौशल्य नाही’ असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, माठ कुठं ठेवलाय?

आता कोणी म्हणेल, मग प्रशिक्षणच नको, सगळं थोतांड. नाही. तसं मुळीच नाही. ९ डिसेंबर २०२४ ची रात्र आठवा. कुर्ल्याला बेस्टची विजेवर चालणारी बस गर्दीत घुसली. सात माणसं लगेच गेली, पुढं आकडा वाढला. गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा. तशा मोठ्या गाडीवरचं त्याचं प्रशिक्षण अवघं तीन दिवसांचं, असं पेपरांत आलं. गुन्हा कोणाचा ते कोर्टाचं काम. माझा प्रश्न वेगळा आहे. बेस्टचं स्वतःचं प्रशिक्षण केंद्र दिंडोशीला आहे. पुण्याजवळ भोसरीला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आहे, १९६७ पासून, खास एसटी-बससारख्या सार्वजनिक सेवांच्या संशोधनासाठी आणि प्रशिक्षणासाठी. ज्ञान होतं, जागा होती, शिकवणारे होते. मग तीन दिवस का? कारण बस भाड्यानं घ्यायची म्हटलं की प्रशिक्षण हा ठेकेदाराचा खर्च होतो. ज्या माणसाला उद्या काढायचा आहे त्याला शिकवून ठेकेदाराचं काय भलं होणार? टोळी मोडली की शिकवणी मोडते. गोदीत तेच झालं, डेपोतही तेच. मेलेली माणसं बंगल्यांतली नव्हती, फुटपाथवरची आणि बाजारातली होती.

म्हणून प्रशिक्षणात जागा मागतो तेव्हा, दोस्तांनो, शिकताना पगार कोण देणार हे आधी मागायचं. त्याशिवायची जागा म्हणजे जाकीट आणि टोपी.

शेवटचं, आणि यासाठीच मी आलोय. आमच्या पाळीच्या गेटासमोरचा रस्ता. मागच्या पावसाळ्यात आमच्या टोळीतला एक जण तिथं ट्रेलरखाली गेला. एका कार्यालयात आम्ही सिग्नलसाठी अर्ज दिला. उत्तर आलं, पादचाऱ्यांची संख्या निकषात बसत नाही. निकष कुठला, म्हणून खोदत गेलो. पुन्हा त्याच संस्थेचं पुस्तक, आयआरसी १०३, १९८८ चं. त्यात सूत्र आहे. पी म्हणजे गर्दीच्या तासात रस्ता ओलांडणारी माणसं, व्ही म्हणजे त्याच तासातल्या गाड्या. पी गुणिले व्हीचा वर्ग. मध्ये दुभाजक असेल तर उत्तर वीस कोटींच्या वर हवं, नसेल तर दहा कोटींच्या. गाडीला वर्ग, माणसाला नाही. हसू नका, त्यालाही कारण आहे. गाड्या वाढल्या की धोका झपाट्यानं वाढतो म्हणून वर्ग. तो वर्ग आपल्या उपयोगाचाच आहे. समजा तासाला ६०० गाड्या. वर्ग झाला तीन लाख साठ हजार. वीस कोटींना त्यानं भागा : ५५६ माणसं लागतात. गाड्या हजार असतील तर २०१ माणसं पुरतात.

त्यांनी मोजणी केली दुपारी अकरा ते बारा. तेव्हा आम्ही सगळे जहाजाच्या पोटात! पाळी सुटते तेव्हा कोणी मोजलं नाही. सकाळी वस्तीतून घरकामाला निघणाऱ्या बाया कोणी मोजल्या नाहीत. आणि जी म्हातारी घाबरून ओलांडतच नाही, दूरच्या पुलावरून वळसा घालते, ती तर सूत्रातच येत नाही. ती आपण वेगळ्या पानावर लिहायची.

तेव्हा येत्या मंगळवारी आणि बुधवारी, सकाळी साडेसहा ते साडेआठ, परत पाळी सुटण्याच्या आधी अर्धा तास ते नंतर एक तास. रविवार नको, सुट्टीचा दिवस धरला म्हणून कागद परत करतील. दोघं गेटाच्या बाजूला, दोघं पलीकडं, दोघं फक्त गाड्यांना. मुलींनी बायांच्या बाजूला थांबावं, त्या तुमच्याशी बोलतील, आमच्याशी नाही बोलणार. दर पंधरा मिनिटांना नवं पान. गोदीत गोणी मोजतात तशी टॅली : चार उभ्या रेघा, पाचवी त्यांच्यावर आडवी. एकदा ओलांडून परत आला तर दोनदा मोजा, त्यानं जीव दोनदा घातलाय. आकडा वाढवून लिहू नका. कमी भरला तर कमी लिहा, दुसऱ्या दिवशी परत मोजू. वह्या मी आणल्यात, आठ आहेत. पावसाचं काही खरं नाही, तेव्हा प्लॅस्टिक आणि पेन्सिल घेऊन या. शाई पुसते.