एकसष्टचे कोडे

(अकोला येथे पालक-शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी कलाशाखेचा पदवीधर. गणिताशी माझे सख्य शाळेतच संपले. तरीही अमरावतीच्या एका कार्यक्रमात प्राचीन भारतीय गणिताच्या थोरवीवर मी तासभर बोललो. टाळ्या पडल्या. नंतर नववीतल्या एका मुलीने विचारले, "काका, त्यातले एक गणित सोडवून दाखवता?" मी निरुत्तर झालो. ते ऋण आज फेडतो.

एका पूर्ण संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला, तर पुन्हा पूर्ण वर्गच यावा. ती संख्या कोणती? फ्रान्समधील फर्मा याने १६५७ मध्ये हे कोडे समकालीन गणितज्ञांपुढे टाकले. भास्कराचार्यांनी ते बाराव्या शतकातच 'बीजगणित' ग्रंथात सोडवले होते. सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०! आणि येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा.

हे अंदाजाने साधत नाही. ८ चा वर्ग ६४. तो ६१ हून ३ ने अधिक. हे अंतर म्हणजे 'क्षेप'. आपल्याला क्षेप १ हवा. मग अशी संख्या घ्यायची, की ती ८ मध्ये मिळवल्यास ३ ने भाग जावा आणि तिचा वर्ग ६१ च्या जवळ असावा. ती ७. आठ अधिक सात पंधरा, भागिले तीन, पाच. आता ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, आणि ३९ चा वर्ग १५२१. क्षेप उणे ४. असे चाक फिरत राहते, म्हणून हे 'चक्रवाल'. उणे ४ पासून १ पर्यंत ब्रह्मगुप्तांची इ.स. ६२८ मधील 'भावना' ही रीत पोहोचवते. गुणक पूर्ण वर्ग नसेल तर उत्तर असतेच, याची सिद्धता मात्र अठराव्या शतकात लाग्रांजने दिली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

अकोल्याहून मुंबईकडे जाताना चाळीसगाव लागते. तेथून जवळच्या पाटण येथील शिलालेख सांगतो, की नातू चंगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापला आणि १२०७ मध्ये त्यास दान मिळाले. पूर्वजांचा अभिमान त्यांनी अध्ययनाची सोय करून व्यक्त केला. आपण तो टाळ्यांवर भागवतो.

आज घरी मुलांना घेऊन बसा. ६१ ऐवजी २ घ्या. २ चा वर्ग ४, दुप्पट ८, एक मिळवला की ९, म्हणजे ३ चा वर्ग. पुढची जोडी विसाच्या आतच आहे. ती शोधा.